केळीच्या मुलखात छोट्या घरी मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्याचा पायथा आणि तापी नदी यांच्यामधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात यावल, फैजपूर, सावदा आणि रावेर ही गावे एका रांगेत वसलेली आहेत. आमच्या जुन्या घराच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो आणि फोनवर लोक जे विचारतात त्याची उत्तरे आता आम्हाला पाठ झाली आहेत. ती सर्वांना एकाच ठिकाणी वाचता यावीत म्हणून हे पान लिहिले आहे. यातील बहुतेक माहिती आमच्या घरापुरती मर्यादित नाही. या पट्ट्यातील कोणत्याही छोट्या मुक्कामाला ती लागू पडेल.

येथे मुक्काम करावा असे काय आहे?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि त्यामागची शंका आम्हाला समजते. अजिंठ्याला जाणारे प्रवासी जळगावात किंवा भुसावळात उतरतात, लेणी पाहतात आणि परत जातात. तापीच्या उत्तरेला यावे असे त्यांना कोणी सांगत नाही. येथे मोठे धबधबे नाहीत आणि हॉटेलांची रांगही नाही. येथे केळीच्या बागा आहेत आणि त्या इतक्या सलग आहेत की बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने जाताना बराच वेळ दोन्ही बाजूंना हिरव्या पानांखेरीज दुसरे काही दिसत नाही. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ सतत सोबत असते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु या भागाची ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून केळीशीच जोडलेली आहे.

मुक्काम मात्र हवाच, कारण या मुलखाचे खरे रूप दिवसाच्या दोन टोकांना दिसते. पहाटे कापणीचे मजूर बागेत शिरतात, पानांवरचे दव अंगावर झेलत घड उतरवतात आणि ऊन चढण्याच्या आत गाडी भरून देतात. संध्याकाळी बागेतून थंडावा रस्त्यावर येतो आणि माणसे ओट्यावर बसून रावेर व बऱ्हाणपूर येथे त्या दिवशी निघालेल्या भावांची चर्चा करतात. दुपारी बारा वाजता गाडीतून उतरून छायाचित्र काढणाऱ्याला यांपैकी काहीच भेटत नाही. म्हणून आम्ही प्रत्येकाला निदान दोन रात्री राहण्याचा आग्रह करतो. त्यात आमचा फायदा आहे हे खरे, पण केवळ फायद्यासाठी हा आग्रह नाही.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यासारखी व्यवस्था येथे आहे का?

नाही, आणि ही गोष्ट येण्यापूर्वीच स्पष्ट झालेली बरी. नाशिक परिसरात द्राक्षमळ्यांच्या कडेला निवासाची सोय, वाईन चाखण्याची दालने, मार्गदर्शकासह फेरी आणि उपाहारगृहे असे सगळे एकत्र उभे राहिले आहे, आणि तेथील वाईनला स्वतंत्र भौगोलिक मानांकनही आहे. येथे पाहुण्यांसाठी म्हणून उभी केलेली जागा क्वचितच सापडते. जे आहे ते कामाचे गाव आहे आणि त्या गावात काही घरांनी, काही शेतकऱ्यांनी व काही लॉजमालकांनी खोल्या राखून ठेवल्या आहेत.

आणखी एक फरक आहे. द्राक्षाच्या मळ्यात पिकलेला मणी तोडून तोंडात टाकता येतो, केळीच्या बागेत तसे करता येत नाही. बाजारासाठीचा घड नेहमी हिरवा आणि कडकच कापतात. तो पिकवणी केंद्रात सुमारे सोळा ते अठरा अंश तापमानाला इथिलीन वायू देऊन काही दिवसांत पिकवला जातो, आणि अनेकदा हे काम ज्या शहरात केळी विकायची तेथेच होते. त्यामुळे एवढ्या मोठ्या केळीच्या पट्ट्यात येऊनही बागेत पिवळे केळे दिसत नाही म्हणून पाहुणे चकित होतात. घरी खाण्यासाठी आम्ही एखादा घड वाळलेल्या पानांत झाकून बंद खोलीत ठेवतो. त्या केळ्याला वेगळा गोडवा असतो. मुक्कामाच्या दोन-तीन दिवस आधी कळवले तर असे केळे पाहुण्यांच्या पानात पडते.

मुक्कामाचे कोणते प्रकार उपलब्ध आहेत?

ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला बसस्थानकाजवळच्या लॉजचा. हे लॉज केळीचे व्यापारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि लग्नाची वऱ्हाडे यांच्यासाठी चालतात. खोल्या साध्या असतात आणि मालक सरळ बोलतो. एका रात्रीपुरते ते पुरेसे असतात. दुसरा प्रकार देवस्थानांच्या भक्तनिवासांचा आणि धर्मशाळांचा. तेथे नियम कडक असतात आणि यात्रेच्या दिवसांत जागा मिळत नाही. तिसरा प्रकार शासकीय विश्रामगृहांचा. रावेर तालुक्यातील पाल या गावी वन विभागाचे विश्रामगृह आहे, परंतु शासकीय कामासाठी आलेल्यांना आधी जागा दिली जाते, त्यामुळे आरक्षण अगोदर आणि लेखी करून घ्यावे.

चौथा प्रकार घरगुती मुक्कामाचा, आणि या पानाचा बराचसा भाग त्याविषयीच आहे. राहत्या घराची माडी, वाड्याच्या पुढच्या खोल्या किंवा मळ्यात बांधलेले दोन खोल्यांचे घर असे त्याचे रूप असते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी झाली आहे का, हे पाहुण्याने विचारण्यात काहीही गैर नाही.

कोणत्या दिवसांत यावे?

कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. दिवसा ऊन सोसवते, रात्री गोधडी लागते, बाजारात भरिताची वांगी येतात आणि हतनूर धरणाच्या पाणथळ भागात हिवाळी पाहुणे पक्षी उतरलेले असतात. पावसाळ्यात सातपुड्याचा उतार हिरवागार होतो आणि मनुदेवीचा धबधबा वाहू लागतो. मात्र काळ्या जमिनीत चिखल असा होतो की बागेत पाय टाकणे कठीण जाते आणि मळ्यातल्या घरापर्यंत गाडी नेता येत नाही.

ज्यांना कापणीचा भर पाहायचा आहे त्यांना मात्र उन्हाळा सोसावा लागेल. जून-जुलैमध्ये लावलेल्या बागेला येथे मृगबाग म्हणतात आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेला कांदेबाग. पीक तयार व्हायला साधारण वर्ष लागते, त्यामुळे मृगबागेची मोठी कापणी उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर येते. त्याच दिवसांत वळवाची वादळे येतात. उभा घड पेललेले झाड वाऱ्यापुढे टिकत नाही आणि अर्ध्या तासात वर्षभराची बाग आडवी होते. अशा वादळानंतर पाहुणे आले आणि यजमान बोलण्याच्या मनःस्थितीत नसले, तर त्यांना समजून घ्यावे ही आमची कळकळीची विनंती आहे. पडलेल्या बागेची छायाचित्रे मालकाला न विचारता काढू नयेत.

आखाजीच्या सुमारास खोली का मिळत नाही?

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात आणि सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. घरोघरी झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो, आणि ज्या खोल्या एरवी पाहुण्यांच्या असतात त्या त्या दिवसांत लेकी-नातवंडांच्या असतात. काही वर्षांपूर्वी आम्ही तारखेकडे नीट न पाहता पुण्याच्या एका कुटुंबाला याच दिवसांसाठी होकार दिला होता. ते दारात आले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांना आपल्या माडीवर ठेवून घेतले. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून आखाजीच्या आगेमागे चार दिवस आम्ही कोणाचेही आरक्षण घेत नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातील पावरा आदिवासींच्या वस्त्यांच्या आसपास भोंगऱ्या बाजार भरतात. ते पाहण्यासाठी यायचे असेल तर खोली बरीच आधी ठरवावी. हा लोकांचा होळीआधीचा बाजार आणि आनंदाचा दिवस आहे, त्यामुळे कोणाच्याही तोंडासमोर कॅमेरा धरू नये.

उन्हाळ्यात येथे राहणे सोसवते का?

मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणे येथे नवीन नाही. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत बाहेर पडू नये, हे येथील प्रत्येक जण पाळतो आणि पाहुण्यांनीही पाळावे. छोट्या घरांत वातानुकूलन यंत्र असेलच असे नाही, परंतु कुलर असतोच. हवा कोरडी असल्याने कुलर येथे चांगला गारवा देतो. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दुपारचा ताप आत येऊ देत नाहीत, म्हणून अशी खोली मिळत असेल तर नव्या सिमेंटच्या खोलीपेक्षा तीच घ्यावी. रात्री गच्चीवर खाट टाकून झोपण्याची सोय आहे का, हेही विचारावे. खान्देशातल्या उन्हाळ्याची सर्वांत चांगली आठवण बहुधा तीच ठरते.

येथे कसे पोहोचावे?

भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन आहे आणि मुंबई, नागपूर व इटारसी या तिन्ही दिशांच्या गाड्या तेथे थांबतात. भुसावळ–खंडवा मार्गावर सावदा, निंभोरा व रावेर ही स्थानके आहेत, परंतु लांब पल्ल्याच्या सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. सावदा स्थानक सावदा गावापासून दूर आहे, हे अनेकांना उतरल्यावर कळते. सामान आणि मुले सोबत असतील तर भुसावळला उतरून एसटीने किंवा रिक्षाने येणे सोयीचे पडते. फैजपूर आणि सावदा ही गावे अगदी जवळजवळ आहेत, म्हणून एका गावात खोली नसेल तर दुसऱ्या गावात विचारावे. रात्री नऊनंतर बस कमी होतात, त्यामुळे गाडी उशिरा पोहोचणार असेल तर यजमानांना आधी सांगावे. बहुतेक यजमान ओळखीचा रिक्षावाला पाठवतात.

खोली ठरवताना कोणत्या गोष्टी विचाराव्यात?

भाडे माणशी आहे की खोलीचे, हे पहिल्यांदा विचारावे, कारण घरगुती मुक्कामात दोन्ही पद्धती चालतात. त्यात चहा, नाश्ता व दोन वेळचे जेवण धरले आहे का, तेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे. स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की अंगणात, ते कोणत्या पद्धतीचे आहे, गरम पाणी बंबावर मिळते की सौर यंत्रावर, आणि वीज गेल्यावर पंखा चालतो का, हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. मळ्यातल्या घराबाबत विजेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज ठराविक तासच असते आणि तिची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची असते. घराला वेगळी जोडणी आहे का, हे विचारून ठेवलेले बरे.

या भागात पाणी खोल कूपनलिकांतून येते. ते चवीला जड लागते आणि त्यात साबणाला फेस कमी येतो. ज्यांच्या पोटाला पाणी बदलल्याचा त्रास होतो त्यांनी पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी मागून घ्यावे. ते सगळीकडे मिळते.

पावती मागण्याचा हक्क प्रत्येक पाहुण्याला आहे. सेवांसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा वीस लाख रुपये आहे आणि बहुतेक घरगुती मुक्काम त्या मर्यादेच्या आत असतात. त्यामुळे त्यांच्या पावतीवर कर दिसत नाही, यात काही चूक नाही. नोंदणी नसताना कोणी कराच्या नावाने जादा रक्कम मागत असेल, तर मात्र ती देऊ नये.

ओळखपत्र का मागतात, आणि आणखी काय विचारले जाते?

मुक्कामी आलेल्या प्रत्येक व्यक्तीची नोंद ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि पोलीस ती नोंदवही तपासू शकतात. नाव, पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढी माहिती पुरते. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, म्हणून असे पाहुणे सोबत असतील तर आधीच सांगावे. सर्वच छोट्या घरांची ती तयारी नसते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आडनाव ऐकून किंवा ‘तुम्ही कुठले, कोणाचे’ असे विचारून माणसाची जात शोधण्याची सवय आमच्याकडे अजून गेलेली नाही. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदानुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. घरात तीन खोल्या देणारा माणूससुद्धा एकदा पैसे घेऊन दार उघडू लागला की त्याने हाच नियम आपला मानला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. फोनवर कोणी जातीची चौकशी केली तर उत्तर देऊ नये आणि दुसरे घर पाहावे. प्रौढ जोडप्याने विवाहाचा पुरावा दाखवलाच पाहिजे असा कायदा नाही. तरीही काही घरे तो मागतात. आम्ही मागत नाही.

जेवणात काय मिळते?

या विषयावर लिहायला लागले की हात थांबत नाही. हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यासाठी पहिला मान भरिताचा. यावल तालुक्यातील बामणोदच्या परिसरात आणि जळगावच्या आसपास पिकणारी मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी त्यासाठी लागतात. जळगावच्या भरीत वांग्यालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात आणि त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, लसूण व शेंगदाणे घालून तेलाची फोडणी देतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव कधीही येत नाही. चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खायला सुरुवात होते. त्यामुळे श्रावणात येऊन भरीत मागितले आणि यजमानीणबाईंनी नकार दिला, तर त्याचे कारण हे असते.

भरितासोबत कळण्याची भाकरी असते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ती करतात. ती गरम असतानाच खावी, कारण गार झाल्यावर कडक होते. सणासमारंभाचे जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. बट्टीवर तूप सोडताना यजमान हात आखडत नाहीत आणि पाहुण्याने फार लवकर ‘पुरे’ म्हटलेले त्यांना आवडत नाही. शेवभाजी, पातोड्यांची रस्सा भाजी आणि उडदाची घोटीव डाळ हे रोजचे प्रकार. तिखट बेताचे हवे असेल तर ते स्वयंपाक सुरू होण्याच्या आधी सांगावे, कारण आमच्या दृष्टीने बेताचे तिखटसुद्धा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जड जाते.

माळकरी घरांत मांसाहार होत नाही आणि बाहेरून आणलेलाही चालत नाही. काही घरांत मळ्यावर वेगळी सोय करतात. मनात धरण्यापेक्षा विचारून घ्यावे.

केळीच्या बागेत फिरता येते का?

मालकाच्या परवानगीने आणि शक्यतो त्याच्या सोबतीने फिरता येते. बाग बाहेरून मोकळी दिसली, तरी आतला प्रत्येक घड कोणाच्या तरी हिशेबात धरलेला असतो. पुष्कळदा सौदा होऊन गेलेला असतो आणि कापणीचा दिवसही ठरलेला असतो. घडाला हात लावून पाहिला तर सालीवर डाग उठतो आणि निर्यातीच्या पेटीत तो माल बसत नाही.

कपड्यांविषयी आम्ही सर्वांना आधीच सांगतो. केळीचा चीक कपड्यावर लागला तर त्याचा तपकिरी डाग कोणत्याही साबणाने जात नाही. आवडीचे पांढरे कपडे घालून बागेत जाऊ नये. जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट घालावेत. दुसऱ्या गावच्या बागेतून थेट आला असाल तर बुटांची माती झटकून, धुऊनच आत यावे. केळीवरील पनामा मर रोगाची बुरशी मातीतून पसरते आणि एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षे राहते. एखाद्या शेतकऱ्याने बांधावर थांबवून पाय धुवायला पाणी दिले, तर त्याचे कारण हेच असते.

सोबत जाणकार माणूस असेल तर बाग पुष्कळ काही सांगते. घड बाहेर पडण्याला निसवण म्हणतात, खोडाच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते कापायचे यावर पुढचे पीक अवलंबून असते, आणि एक खोड आयुष्यात एकदाच घड देते. पूर्वीच्या बसराई व श्रीमंती या वाणांच्या जागी आता ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची बाग बहुतेक ठिकाणी दिसते, आणि पाटाच्या पाण्याच्या जागी ठिबकच्या नळ्या. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला बसराईच्या चवीविषयी विचारून पाहावे, मग तासभर दुसरा विषय निघत नाही.

रात्री फिरायला जाणे सुरक्षित आहे का?

गावात आहे. मळ्यातल्या घरी मुक्काम असेल तर अंधार पडल्यावर बागेत जाऊ नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या दाट, ओलसर बागा बिबट्याला लपायला सोयीच्या असतात आणि या तालुक्यांत त्याचा वावर आहे. लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटे अंगणाबाहेर सोडू नये. विंचू-सापाचा धोकाही असतो, म्हणून बॅटरी जवळ ठेवावी आणि बूट झटकून मगच घालावेत. सर्पदंश झाला तर मांत्रिक, उतारा यांत एक क्षणही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मुक्कामी मद्यपान चालते का?

आमच्या घरी चालत नाही आणि बहुतेक घरगुती मुक्कामांतही चालत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. परवाना असला, तरी घर कोणाचे आहे याचा विचार करावा.

आसपास काय पाहावे?

फैजपुरातच सुरुवात करावी. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. महात्मा गांधींच्या इच्छेनुसार चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून त्या नगराची सजावट केली. देशभरातून आलेल्या हजारो माणसांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था तेव्हा या परिसराने केली. पाहुण्यांची सोय करताना आम्हाला ती आठवण अभिमानाची वाटते.

यावल गावात निंबाळकरांचा किल्ला आणि महर्षी व्यासांचे मंदिर आहे. गुरुपौर्णिमेला तेथे फार गर्दी होते. पाल, सुकी नदीवरचे धरण आणि यावल अभयारण्याचा भाग एका दिवसात पाहून होतो. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे आणि जवळच संत मुक्ताबाईचे स्थान. अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. रावेरहून पुढे गेल्यावर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर लागते. फारुकी सुलतानांच्या काळी खान्देशाची राजधानी तेथेच होती आणि १६३१ मध्ये मुमताज महल तेथेच मरण पावली. त्याच वाटेने पुढे असीरगड आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद असते, आणि या दोन वारांची गल्लत करून दरवर्षी कोणीतरी न पाहताच परत येते.

येथील बोली समजेल का?

प्रमाण मराठी सर्वांना समजते. घरांत लेवा गणबोली, तडवी, पावरी आणि पश्चिमेकडे अहिराणी ऐकू येते. वयस्कर पुरुषांना ‘काका’ किंवा ‘आबा’, स्त्रियांना ‘काकू’ किंवा ‘मावशी’ आणि बरोबरीच्यांना ‘दादा’, ‘ताई’ म्हणावे. बागेत काम करणाऱ्या मजुरांनाही हेच संबोधन वापरावे. त्यांना एकेरीत हाक मारलेली आम्हाला चालत नाही.

वृद्ध किंवा लहान मुले सोबत असतील तर?

माडीचे जिने उभे आणि अरुंद असतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खालची खोली मागावी. औषधे पुरेशी सोबत आणावीत. मोठ्या उपचारांसाठी भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागते.

परतताना काय न्यावे?

केळीचे वेफर्स सगळीकडे मिळतात, पण डोळ्यांसमोर तळलेले घ्यावेत. ज्वारीची बिबडी, कळण्याचे पीठ आणि हिवाळ्यात भरिताची वांगी नेता येतात. कच्ची फणी नेली तर ती कागदात गुंडाळून खोलीतल्या तापमानाला ठेवावी. शीतकपाटात ठेवलेले हिरवे केळे नीट पिकत नाही आणि त्याची साल काळी पडते.

बेत बदलला तर काय करावे?

दोन दिवस आधी कळवल्यास आम्ही आगाऊ रक्कम पूर्ण परत करतो. ऐनवेळी बेत बदलला तरी फोन मात्र अवश्य करावा. पाहुणे येणार म्हणून वांगी सकाळीच शेतातून आणलेली असतात, कळणा दळलेला असतो आणि स्वयंपाकाला मदत करणाऱ्या मावशी दुसरे काम सोडून आलेल्या असतात. दुपारी बारापर्यंत निरोप मिळाला तर जाळ पेटवायचा थांबवता येतो आणि ती वांगी शेजारी देता येतात.